चैत्रातलं हातकाम: टेसू, हळद, सकोरे आणि बुटकी गुढी

विषय: पाडव्याआधीच्या रविवारी बालवर्गाचं हस्तकाम, सूचना हव्यात
प्रेषक: बालविभाग

सप्रेम नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी ९ ते १०.३० बालवर्ग आहे. नावं २२ आली आहेत, वयं साडेतीन ते सात. सभागृहात सतरंज्या आहेत, नळ एकच आणि तोही मागच्या अंगणात. शेगडी पेटवता येणार नाही. माणशी खर्च ४० रुपये धरला आहे.

थर्माकोल, चमकी आणि गरम गोंदाची बंदूक या तीन गोष्टी कृपया सुचवू नका. चमकी ना ओल्या कचऱ्यात जाते ना सुक्या, आणि इंदुरात कचरागाडीपुढे ते निस्तरायची हौस कुणालाच नाही. या ऋतूत आपल्याकडे आपसूक जे मिळतं त्यातून काही करता येईल का? मोठ्यांनी करायचं आणि मुलांनी बघायचं, असं मात्र नको.

---

विषय: उत्तर: पाडव्याआधीच्या रविवारी बालवर्गाचं हस्तकाम
प्रेषक: राजेंद्रनगर

ताई, शेगडी नाही म्हणून टेसू, म्हणजे पळसाची फुलं, सोडू नका. रंग आदल्या दिवशी घरी काढायचा आणि झाकणाच्या डब्यांतून आणायचा. मुलांनी त्यात पांढरे रुमाल रंगवायचे.

३० सेंटिमीटरचा सुती रुमाल साधारण १२ ते १५ ग्रॅम भरतो, म्हणजे २२ रुमालांचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. जेवढं कापड तेवढीच वाळलेली फुलं, म्हणजे ३०० ग्रॅम, ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी मंद आचेवर अर्धा तास ठेवा. खळखळा उकळू नका, रंग मळकट होतो. मग पातळ कापडातून गाळून घ्या. ताजी फुलं वेचून आणलीत तर वजन चौपट धरा, कारण त्यात पाणीच फार. वाळलेली फुलं सियागंज बाजारात पंसाऱ्याकडे (किराणा-जडीबुटीवाल्याकडे) मिळतात. रंगपंचमी झाली की ती संपतात किंवा मागच्या वर्षीची काळपट माथी मारतात, म्हणून आत्ताच घेऊन ठेवा. फूल चुरडून बघा. आत केशरी दिसलं तर चांगलं, तपकिरी भुकटी झाली तर नको.

पातेलं स्टीलचंच हवं. लोखंडी कढईत हाच रंग शेवाळी होतो, कारण लोह त्या रंगद्रव्याशी जोडलं जातं. रंग दोन दिवसांत आंबतो, तेव्हा शुक्रवारी काढून ठेवू नका.

रुमालांना आधी तुरटी हवी. ४० ग्रॅम तुरटी ४ लिटर कोमट पाण्यात विरघळवून रुमाल तासभर बुडवा आणि पिळून ठेवा. हे काम मोठ्यांचं. त्याआधी रुमाल साबणाने धुऊन नीट खळबळून घ्या. नव्या कापडाला कांजी असते, ती राहिली तर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्याच धुण्यात जातो. टेरिकॉट घेऊ नका. दुकानदार ‘कॉटन जैसा ही है’ म्हणाला की समजून जा.

आता मुलांचं काम. ओला, पिळलेला रुमाल पंख्यासारखा चार बोटं रुंदीच्या घड्यांत मागेपुढे दुमडायचा. झालेली पट्टी पुन्हा तशीच दुमडून चौकोनी पुडी करायची आणि तिला कपडे वाळत घालायचे तीन चिमटे लावायचे. रबर बांधणं चार वर्षांच्या बोटांना जमत नाही. चिमटा जमतो आणि त्यांना तो आवडतोही. मग पुडी कोमट रंगात २० मिनिटं. कोरडा रुमाल दुमडला तर घड्यांत हवा अडकते आणि नक्षीऐवजी डाग पडतात. पुडी फार जाड झाली तर मधला भाग पांढराच राहतो, पण तेही वाईट दिसत नाही.

दोन डबे ठेवा. एकात नुसता रंग. दुसऱ्यात दर दोन लिटरला चमचाभर खायचा सोडा घातला की पिवळा केशरीकडे झुकतो. उघडलेले रुमाल सावलीत वाळवा.

---

विषय: उत्तर: पाडव्याआधीच्या रविवारी बालवर्गाचं हस्तकाम
प्रेषक: लोकमान्य नगर (निवृत्त रसायन-शिक्षक)

वरचं सगळं बरोबर आहे. एक जोड देतो. टेसूत चुना घालायची जुनी पद्धत कुणीतरी सुचवेलच. मोठ्यांच्या रंगपंचमीला ती असो, मुलांच्या जवळपास चुना नको. डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. सोडा पुरे. आणि पालकांना सांगून ठेवा, तो रुमाल साबणाने धुतला की रंग बदलणार. बिघडला म्हणून फोन करू नका.

मी हळदीचा कागद सुचवतो. नळ लागत नाही, खर्च नगण्य, आणि साडेतीन वर्षांचं मूलही पहिल्या मिनिटाला खूश.

दोन चहाचे चमचे हळद १०० मिलिलिटर सॅनिटायझरमध्ये ढवळा. जेलचं नको, पाण्यासारखं पातळ घ्या. हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. नुसत्या पाण्याने कागदावर कण बसतात आणि चित्र ठिपकेदार येतं. हे काम आदल्या संध्याकाळी मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून आणि आसपास विस्तव नसताना करायचं. गाळ खाली बसला की वरचं द्रावण रुंद कुंचल्याने चित्रकलेच्या वहीच्या कागदावर फिरवा. गुळगुळीत, चकचकीत कागदावर ते ओघळतं. अर्ध्या तासात कागद वाळतो.

मुलांना द्यायचं ते फक्त साबणाचं पाणी. अंगाच्या साबणाची पाव वडी किसून कपभर गरम पाण्यात विरघळवा आणि गार करा. कानकाडीने रेघ ओढली की पिवळ्यावर तांबडी उमटते. आपलं कुंकू परंपरेने याच गुणावर बनत आलं आहे, हळद आणि क्षार. मुलांना एवढं सांगितलं तरी चालेल, सूत्र नको.

बिघडतं कुठे? पहिलं, खायचा सोडा. तो सौम्य असल्याने रेघ विटकरी-फिकट येते आणि वाळल्यावर आणखी मंदावते. दुसरं, बाटलीतलं हात धुण्याचं किंवा भांड्यांचं द्रव. त्यातली बरीचशी क्षारधर्मी नसतात, रेघ उमटतच नाही आणि मूल तुमच्याकडे बघत बसतं. तिसरं, सुटी हळद. तिच्यात रंग मिसळलेला असला तर काहीच नीट होत नाही. म्हणून शनिवारी एका कागदावर करून बघा. धुण्याचा सोडा रंग झकास देतो, पण हातांना चावतो, तो नकोच.

लिंबू कापून ठेवा. तांबड्या रेघेवर थेंब टाकला की ती पुन्हा पिवळी होते. सातच्या आसपासची मुलं हाच खेळ वीस मिनिटं खेळतील. लिंबूवाला हात डोळ्याला लागणार नाही एवढं बघा. चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नका, हळद उजेडात उडते.

---

विषय: उत्तर: पाडव्याआधीच्या रविवारी बालवर्गाचं हस्तकाम
प्रेषक: सुदामानगर (मातीकाम)

सकोरे रंगवा. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, २०१० पासून तो पाळतात, आणि पाडवाही कधी कधी त्याच सुमारास येतो. पाखरांना पाणी ठेवायला मातीचे सकोरे या दिवसांत कुंभाराकडे हवे तेवढे मिळतात. वीतभर तोंडाचा, तीन-चार बोटं खोल घ्या. खोल मडकं नको, चिमणीला काठावरून पाण्यापर्यंत पोचता येत नाही.

लोक चुकतात ते रंगात. सगळा सकोरा ॲक्रिलिकने रंगवतात आणि आठ दिवसांत पोपडे निघाले की रंगाला दोष देतात. दोष रंगाचा नाही. भाजलेल्या मातीला छिद्रं असतात, पाणी आतून झिरपून बाहेर येतं आणि तेच रंगाला मागून ढकलतं. पाण्यातले क्षारही त्या जागी साठतात, बोअरिंगचं पाणी असेल तर फार. शिवाय बाहेरून रंगाचं कातडं बसलं की झिरपणं थांबतं आणि पाणी गार राहत नाही. म्हणून नियम एकच: आतून काही नाही, आणि बाहेरून फक्त काठाखालचा दोन बोटांचा पट्टा. पाणी काठापासून दोन बोटं खालीच भरायचं, म्हणजे रंगाचा पट्टा कोरडा राहतो.

रंग म्हणजे गेरू आणि खडूची पांढरी भुकटी. चार चमचे गेरू, एक चमचा फेविकॉल आणि ताकाइतपत पातळ होईल एवढं पाणी. फेविकॉल कमी पडला तर हाताला गेरू लागतो. सकोरा पूर्ण कोरडा हवा, रंगवण्याआधी भिजवू नका. कुंचला देऊ नका. कापसाचा बोळा, भेंडीचं देठाकडचं टोक, काडेपेटीची कड, यांचे ठसे लहान हातांना नेमके जमतात. भेंडी कापून दहा मिनिटं वर्तमानपत्रावर पालथी ठेवा, नाहीतर तिच्या चिकट रसाने ठसा पसरतो.

घरी नेल्यावर सावलीत ठेवावा, मध्ये एक दगड टाकावा आणि पाणी रोज ओतून नवं भरावं. आठवडाभर तेच पाणी राहिलं तर पाखरांआधी डास वापरतात.

---

विषय: उत्तर: पाडव्याआधीच्या रविवारी बालवर्गाचं हस्तकाम
प्रेषक: वैशाली नगर (बालवाडी)

पाडवा तोंडावर आणि गुढीचं नाव कुणी काढलं नाही! छोटी गुढी करायलाच हवी. ती कलंडते म्हणून लोक टाळतात, पण कलंडते ती बुडात वजन नसल्यामुळे.

चहाचा कुल्हड (मातीचा पेला) घ्या, वापरलेला धुऊन चालेल. त्यात ओली माती दाबून भरा. सगळं मिळून पाव किलोच्या आसपास वजन झालं की २५ सेंटिमीटरची काडी उभी राहते. काडी पतंगाच्या कामटीसारखी लवचीक नको, बांबूची सरळ हवी, आणि टोकं आधीच कापून बोथट केलेली. माती मुलांनीच दाबायची. सगळ्यात लहानग्यांचा पंधरा मिनिटांचा आनंद तिथेच असतो.

वस्त्र १२ बाय २० सेंटिमीटर. खणाचे तुकडे शिंप्याकडे मिळतात. निऱ्या घरून इस्त्री करून, वर एक टाका घालून आणा. निऱ्या घालणं सहाव्या वर्षाआधी जमत नाही, आणि तिथेच सगळा वेळ जातो. क्रम खऱ्या गुढीचाच: आधी वस्त्र, मग कडुनिंब, मग गाठी आणि शेवटी पालथा कलश. कलश म्हणजे कट (अर्ध्या) चहाचा छोटा कागदी पेला, वरून चॉकलेटचा सोनेरी कागद. बुडाला भोक मोठ्यांनी दाभणाने पाडायचं, काडीपेक्षा किंचित लहान, म्हणजे घट्ट बसतो आणि गोंद लागत नाही.

कडुनिंबाची डहाळी तासाभरात मान टाकते. बादलीत ठेवा आणि अगदी शेवटी बांधू द्या. कोवळी तांबूस पालवी सुंदर दिसते पण सगळ्यांत आधी सुकते, जून हिरवी पानं घ्या. गाठी खऱ्या साखरेच्या लावल्या तर घरी पोचेपर्यंत अर्ध्या पोटात आणि उरलेल्या मुंग्यांच्या. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चकत्या दोऱ्यात ओवाव्यात. मणी नकोत, चार वर्षांखालचं मूल मणी तोंडात घालतंच.

सकोऱ्यांबद्दल एक शंका: २२ सकोरे, माती आणि रंग हे सगळं दीड तासात नाही बसणार.

---

विषय: उत्तर: पाडव्याआधीच्या रविवारी बालवर्गाचं हस्तकाम
प्रेषक: मूळ छत्रीबाग, सध्या डेट्रॉइटजवळ

यादीवर अजून आहे, म्हणून विचारतो. इकडे मार्चात बर्फ असतो आणि टेसू कुठून आणणार? इथल्या मंडळाच्या मुलांना तोच रुमाल करायचा झाला तर?

---

विषय: उत्तर: पाडव्याआधीच्या रविवारी बालवर्गाचं हस्तकाम
प्रेषक: लोकमान्य नगर (निवृत्त रसायन-शिक्षक)

भाऊ, कांद्याची वाळलेली सालं. पिवळ्या कांद्याची, कापडाच्या निम्म्या वजनाची पुरतात. तुरटी, पातेलं, चिमटे सगळं तसंच. रंग टेसूपेक्षा तपकिरीकडे जातो, पण धुण्यात जास्त टिकतो. बीट घेऊ नका. ताटात तो जितका लाल, कापडावर तितकाच क्षणिक.

---

विषय: ठरलं: पाडव्याआधीच्या रविवारी बालवर्गाचं हस्तकाम
प्रेषक: बालविभाग

सर्वांचे आभार. ९ वाजता मुलं येतील तसतशी हळदीच्या कागदावर बसतील. उशिरा येणाऱ्यांचंही त्यात काही बुडत नाही. ९.३० ला रुमाल दुमडून रंगात. ते बुडलेले असताना गुढी, लहानांना माती आणि मोठ्या मुलांना गाठी. सकोरे या रविवारी नाहीत. ते अक्षय तृतीयेआधीच्या वर्गाला घेऊ, तेव्हा ऊनही कडक असेल आणि त्यांची गरजही.

रंगाचे डबे अंगणात नळाशी राहतील, सतरंजीवर येणार नाहीत. मुलांना जुने कपडे घाला. हळद लागलीच तर साबणाने डाग लाल होईल, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, दोन-तीन दिवसांत उडतो.

टेसू राजेंद्रनगरहून येतील. कुल्हड आम्ही जमवतोय, आत्तापर्यंत १४ झाले. दाभण आणि जादा चिमटे कुणाकडे आहेत ते कळवा. साधारण ७० चिमटे लागतील, लाकडी असतील तर ते केशरी होऊन परत मिळतील.