बेसिलच्या हायड्रोपोनिक द्रावणासाठी कोणते मीटर घ्यावे? (मर्यादा १५०० रुपये)

बाल्कनीतली_बाग (ऐरोली): नमस्कार. मातीविना लावलेले पुदिना आणि बेसिल मी २० लिटरच्या झाकणबंद टबात वाढवते. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन बाटल्यांतील पोषकद्रव्ये लेबलवरील प्रमाणानुसार नळाच्या पाण्यात मिसळते. पुदिना उत्तम आहे, परंतु बेसिलची कोवळी पाने पिवळी पडत असून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि पीएच (पाण्याची आम्लता) मोजणारी दोन्ही मीटर मिळून १५०० रुपयांच्या आत बसवायची आहेत. कृपया सुचवावे.

घोडबंदर_गच्ची: एवढ्या पैशांत खेळणे मिळते, मीटर मिळत नाही. मी आठ हजारांचे घेतले. त्यात पीएच, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, जिच्यावरून मीटर टीडीएस काढते) आणि तापमान तिन्ही दिसते, आणि माझ्या गच्चीवरचे बेसिल आमच्या संपूर्ण इमारतीला पुरते.

नौपाडा_जुना: मीटर हवेच कशाला? १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) लिटरला एक ग्रॅम टाकावे. आमच्या कुंड्या वर्षानुवर्षे त्याच्यावरच फुलत आहेत.

खारघर_हिरवा: काका, कुंडीत माती असते. १९:१९:१९ मधील बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि त्याचे रूपांतर करणारे जिवाणू टबातल्या पाण्यात मातीइतके नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नसते. बाटल्या दोन असतात त्याही कॅल्शियममुळेच, कारण संहत द्रावणात ते सल्फेट आणि फॉस्फेटशी जुळून तळाशी साका धरते. म्हणून ‘अ’ पूर्ण ढवळल्यावरच ‘ब’ घालावे.

वाशी_शुद्धजल: दोष नळाच्या पाण्याचा आहे. मी केवळ आरओचे पाणी वापरतो आणि मला कधीही त्रास झालेला नाही.

घोडबंदर_गच्ची: आरओमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ निघून जातात, शिवाय पीएच वर-खाली होतो. आमच्याकडे टँकरमधून बोअरचे जड पाणी येते तेव्हा आरओ समजू शकतो, पण नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळत असताना ते कशासाठी?

वाशी_शुद्धजल: धरणाचे पाणी इमारतीच्या टाकीत किती दिवस पडून असते, हेही पाहावे.

कळव्याची_मृणाल: टीडीएस मीटर आधी घ्यावे. बेसिलला साधारण १.० ते १.६ ईसी पुरते.

खारघर_हिरवा: ईसी सांगितले ते बरे झाले. १.४ ईसीचे पाणी एका मीटरवर ७०० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग क्षार) दाखवते, तर दुसऱ्यावर ९८०, कारण काही कंपन्या ईसीला ५०० ने गुणतात आणि काही ७०० ने. मात्र ताई, तुमचा प्रश्न टीडीएसचा दिसत नाही. नत्र कमी पडल्यास जुनी पाने आधी पिवळी होतात; लोह झाडात सहसा सरकत नसल्याने त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. बहुधा लोह द्रावणात आहे, पण पीएच ६.५ च्या वर गेल्याने ते मुळांना मिळत नाही. पीएच ५.५ ते ६.५ ठेवावा, हातमोजे घालून पातळ फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने टाकावे आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासावे.

नौपाडा_जुना: लिंबू पिळले तरी चालेल.

खारघर_हिरवा: सायट्रिक आम्ल जिवाणू खाऊन टाकतात आणि दोन-चार दिवसांत पीएच पुन्हा चढतो.

कळव्याची_मृणाल: टीडीएस मीटर तरीही घ्यावेच. पाणी घटत असताना ईसी वाढला तर साधे पाणी घालायचे, घटला तर पोषकद्रव्ये घालायची, हे मीटरशिवाय कसे कळणार?

बाल्कनीतली_बाग: सर्वांचे आभार. मी एकही मीटर घेणार नाही. ४ ते ८ पीएच दाखवणारी थेंबांची बाटली आणि पीएच उतरवणारे द्रावण मागवले आहे. टब लहान असल्याने ईसीचा हिशेब ठेवण्यापेक्षा दर दहा दिवसांनी संपूर्ण द्रावण बदलणे मला सोपे वाटते. जुने द्रावण पातळ करून गुलाबाच्या कुंडीत जाईल. उरलेल्या पैशांत हवेचा छोटा पंप बसतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाणी तापून प्राणवायू घटतो तेव्हा मला मीटरपेक्षा तोच अधिक उपयोगी पडेल.

घोडबंदर_गच्ची: रंग पाहून पीएच ठरवणे म्हणजे अंदाजपंचे कारभार आहे. माझ्या मीटरची माहिती हवी असल्यास विचारावी.

नौपाडा_जुना: गुलाबाला १९:१९:१९ चांगले.