वड्याचं तेल अटलांटिकपारच्या वांग्यावर

एडिसनकर

न्यू जर्सीतल्या एडिसनला नऊ वर्षं काढली, आता सहा वर्षं श्टुटगार्टजवळ आहे. (टोपणनाव तेवढं जुनं राहिलंय.) परवा शनिवारी पोराच्या फुटबॉल मॅचला मैदानाच्या कडेला उभा होतो. शेजारी दुसऱ्या पोराचा बाप, गिअरबॉक्सच्या कारखान्यातला इंजिनियर, सज्जन माणूस. मी आधी अमेरिकेत होतो म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "मुलांना शाळेत पाठवताना भीती नाही वाटायची?" दुसरा, "अँब्युलन्सचं खरंच बिल येतं?" तिसरा प्रश्न नव्हताच, नुसता सुस्कारा होता. कोणाच्या नावाने, ते सांगायला नको.

त्याच आठवड्यात एडिसनच्या जुन्या शेजाऱ्याचा फोन आला. निवृत्त, पक्का रिपब्लिकन, आमच्याकडे गणपतीला येऊन मोदक मागून खाणारा. त्याचे प्रश्न : "फेसबुकवर काही लिहिलं तर तिकडे पोलीस घरी येतात म्हणे? रात्री बाहेर पडता येतं का? आणि तुम्ही लोक एसी का लावत नाही?"

दोघांच्याही प्रश्नांत तथ्य आहे. अँब्युलन्सचं बिल येतं, आणि इकडे घरोघरी एसी नसतो. पण दोघांनाही माझं उत्तर नको होतं. मी "तसं अगदीच नाही हो" म्हणायला लागलो की एकाचं लक्ष कॉर्नर किककडे गेलं आणि दुसऱ्याला बायको हाक मारायला लागली.

माझं मत असं झालंय की हे लोक एकमेकांकडे बघतच नाहीत. घरच्या भांडणात समोरचा हाताशी लागतो, एवढंच. २००८ च्या जुलैत ओबामा बर्लिनला आला तेव्हा तो नुसता उमेदवार होता, तरी दोन लाख माणूस जमलं. ते बुशच्या विरोधात जमलं होतं. आणि त्याआधी, २००३ मध्ये, फ्रान्सने इराक युद्धाला विरोध केला म्हणून अमेरिकन काँग्रेसच्या कँटीनमध्ये 'फ्रेंच फ्राइज'चं बारसं करून 'फ्रीडम फ्राइज' ठेवलं. पॅरिसमध्ये कुणाचं काय बिघडलं? २००६ मध्ये गुपचूप जुनं नाव परत आलं. अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष व्हान्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत सांगितलं की युरोपला रशिया-चीनपेक्षा आतला धोका मोठा आहे. समोर जर्मन मंत्री बसले होते, पण श्रोते त्याच्या घरच्या ओहायोत होते.

डाव्या बर्नी सँडर्सवाल्यांचा स्वर्गासारखा डेन्मार्क आणि ट्रंपवाल्यांचं नरकासारखं स्वीडन हे दोन्ही देश नकाशावर सापडत नाहीत. घरातला राग काढायला दूरचं वांगं बरं असतं, ते उलटून बोलत नाही. तुमचा अनुभव काय?

ह्यूस्टनचा हापूस

लेख छान जमलाय, पण साफ चुकलाय. वांगं वगैरे काही नाही, सरळ हिशेबाचा मामला आहे. २०१४ मध्ये वेल्सच्या बैठकीत नाटोवाल्यांनी ठरवलं की जीडीपीच्या २ टक्के संरक्षणावर खर्च करायचे. त्या वर्षी तेवढा खर्च करणारे देश किती? अमेरिका धरून तीन. बाकीचे आमच्या करातून निर्धास्त झोपणार, वर आमच्याच बंदुकांवर आणि बर्गरवर नाकं मुरडणार.

आणि 'बघत नाहीत' म्हणता, तर एक प्रसंग आठवा. सप्टेंबर २०१८, युनोची आमसभा. ट्रंप व्यासपीठावरून सांगतोय की लगेच मार्ग बदलला नाही तर जर्मनी रशियन ऊर्जेवर पूर्ण अवलंबून होणार आहे. कॅमेरा जर्मन शिष्टमंडळावर गेला, तर परराष्ट्रमंत्र्यासकट सगळे गालातल्या गालात हसतायत. साडेतीन वर्षांनी पुतिन युक्रेनमध्ये घुसला. तेव्हा जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियन होता. मला ट्रंप आवडत नाही, मत दिलेलं नाही, पण ते हसू मी विसरलेलो नाही. यात घरचं भांडण कुठे आलं? समोरचा खरं बोलत होता आणि ह्यांना तो अडाणी वाटत होता.

शंकेखोर

पुण्यात बसून बघतोय. पॉपकॉर्न घेऊन. :)

कोपनहेगनची काकू

हापूसराव, तुमच्या हिशेबाच्या वहीत एक पान राहिलंय. नाटोचं कलम ५, म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर, आजवर एकदाच वापरलं गेलं. १२ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकेसाठी. त्यापायी आमच्या या साठ लाखांच्या देशातले चाळीसहून जास्त सैनिक अफगाणिस्तानात प्राणाला मुकले. लोकसंख्येच्या मानाने ही संख्या फार मोठी आहे. माझ्या ऑफिसात रिसेप्शनला बसणाऱ्या बाईंचा भाचा हेलमंडहून आला तो एक पाय गमावून.

आणि एडिसनकर, तुमचं वांगंही मला पटत नाही. युरोपात अमेरिकेवर जीव टाकणारा देश म्हणजे डेन्मार्क. जटलंडमध्ये रेबिल्ड नावाच्या टेकड्या आहेत, तिथे १९१२ पासून ४ जुलै साजरा करतात. अमेरिकेचा ४ जुलै, डॅनिश हेदरच्या झुडपांत, दोन्ही झेंडे लावून! आम्ही एकदा गेलो होतो. वयस्कर डॅनिश जोडपी घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती आणि कुणाचा तरी मिनेसोटातला चुलतभाऊ भाषण करत होता. आता त्याच लोकांना ट्रंपकडून ऐकावं लागलं की डॅनिश राज्यातलं ग्रीनलंड द्या, गोडीगुलाबीने नाहीतर दुसऱ्या मार्गाने. २०१९ मध्ये त्याने हे पहिल्यांदा काढलं तेव्हा सगळे हसले होते. २०२५ पासून कुणी हसत नाही. त्या वसंतात इथल्या एका मोठ्या सुपरमार्केट साखळीने किमतीच्या पट्टीवर युरोपीय मालासाठी छोटा काळा तारा दाखवायला सुरुवात केली. माझ्या शेजारीणबाई, वय ७४, चष्मा कपाळावरून खाली ओढून केचपच्या बाटलीखालचा तारा शोधत होत्या. हा घरचा राग नव्हे हो. हा विश्वासघात झालेल्या माणसाचा राग आहे, आणि तो नेमका त्याच माणसावर आहे.

वकीलबुवा ठाणेकर

मूळ मुद्द्याला माझाही विरोध, पण वेगळ्या कारणाने. 'फेसबुकवर लिहिलं तर पोलीस येतात' ही निव्वळ अफवा नाही. जर्मन दंडसंहितेत राजकारण्यांच्या अपमानासाठी वेगळं कलम आहे, १८८. एका मंत्र्याला 'मठ्ठ' म्हणणारं चित्र टाकलं म्हणून २०२४ मध्ये बव्हेरियात एका निवृत्त गृहस्थाच्या घराची झडती झाली. (प्रकरणात आणखी एक पोस्ट होती, पण झडती झाली हे खरं.) कलम १३० खाली ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही म्हणणं हा गुन्हा आहे.

आता अमेरिका. १९७७ मध्ये नाझी गणवेशातल्या टोळक्याला शिकागोजवळच्या स्कोकी गावात मोर्चा काढायचा होता. गावात छळछावण्यांतून वाचलेले हजारो ज्यू राहत होते. तरी नागरी हक्कांची संघटना नाझींच्या बाजूने कोर्टात उभी राहिली, आणि कोर्टाचा कौलही त्यांच्या बाजूने गेला. (मोर्चा शेवटी स्कोकीत निघालाच नाही, ती वेगळी गोष्ट.) जर्मन माणसाला हे वेडेपण वाटतं, कारण त्याने हिटलरआधीच्या वायमार प्रजासत्ताकात बघितलंय की असल्या मोर्चांना मोकळं सोडलं की काय होतं. अमेरिकन माणसाला कलम १८८ राजेशाहीचा अवशेष वाटतं, कारण त्याचा देशच राजाला शिव्या देऊन जन्मला. दोघांचंही आपापल्या इतिहासाच्या जागी बरोबर आहे. मतभेद अस्सल आहे, त्याला वड्याचं तेल म्हणून उडवून लावू नका.

म्युनिकचा मोदक

'धार्मिक अमेरिका, निधर्मी युरोप' हे इथे कुणी लिहायच्या आत माझा किस्सा घ्या. म्युनिकला आलो, दुसऱ्या आठवड्यात पत्ता नोंदवायला महापालिकेच्या ऑफिसात. फॉर्मवर धर्माचा रकाना. मी निष्पापपणे 'हिंदू' लिहिलं. समोरच्या बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली, मान हलवली आणि 'काही नाही' असं टाइप केलं. मला वाईट वाटलं! मागच्या खुर्चीतला गोव्याचा मित्र मात्र 'कॅथलिक' म्हणाला आणि पहिल्या पगारपत्रकात चर्चचा कर कापून आला. बव्हेरियात आयकराच्या ८ टक्के. सरकार वसूल करतं आणि चर्चला देतं. २०१८ पासून इथल्या सरकारी इमारतींच्या दारात क्रूसही लावलेत.

उलट अमेरिकेत, जिथे राष्ट्राध्यक्ष 'गॉड ब्लेस' म्हटल्याशिवाय भाषण संपवत नाही, तिथे सरकारी शाळेने प्रार्थना घ्यायला १९६२ पासून सुप्रीम कोर्टाची बंदी. आता सांगा, निधर्मी कोण?

शिकागोची शेवंता

वकीलबुवा, स्कोकी माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, दर महिन्याला जाते आणि हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

मला जरा चुलीजवळचं बोलायचंय. माझी नणंद रॉटरडॅमला, मी इथे. दोघींना एकाच वर्षी मुलं झाली. तिला सोळा आठवडे भरपगारी रजा, शिवाय बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येणारी नर्स. तिने बाळाला न्हाऊमाखू घातलं आणि वर हिच्यासाठी सँडविचं केली. मी सातव्या आठवड्यात कामावर. कायद्याने बारा आठवडे मिळतात, पण बिनपगारी, आणि हप्ते थांबत नाहीत. पंपिंगच्या खोलीत बसून मीटिंग घेतलीय मी.

पण तीच नणंद दोन वर्षांनी पाठदुखीने हैराण झाली तेव्हा डॉक्टर तिला पॅरासिटामोलच्या पुढे जाईनात. एमआरआय मिळेपर्यंत महिने गेले. मला इथे चौथ्या दिवशी मिळाला होता. बिल अर्थातच नंतर आलं, आणि त्याच्याशी भांडण्यात मी अख्खा उन्हाळा घालवला.

आम्ही दोघी एकमेकींना 'ये इकडे' म्हणत नाही. तिला माझ्या पगाराचा आकडा ऐकून घाम फुटतो, मला तिची ऑगस्टची तीन आठवडे सुट्टी ऐकून. एडिसनकर, म्हणून तुमचं मला निम्मं पटतं. तिच्या डच सासूबाई माझी कीव करतात, माझी मॅनेजर तिची करते. दोघींपैकी एकीनेही आम्हाला काही विचारलेलं नाही.

खादाड

खाण्यावर कोणी बोलेना म्हणून. १९९९. हार्मोन दिलेलं अमेरिकन बीफ ईयू (युरोपीय संघ) घेईना, म्हणून अमेरिकेने मेंढीच्या दुधाच्या फ्रेंच रोकफोर चीजवर १०० टक्के जकात लावली. चिडलेल्या फ्रेंच मेंढपाळांनी, जोझे बोव्हेच्या पुढारीपणाखाली, मियो गावात बांधकाम चालू असलेलं मॅकडोनाल्ड ट्रॅक्टर आणून मोडून काढलं. देशभर हिरो झाला गडी. आणि आज फ्रान्समध्ये मॅकडोनाल्डची दुकानं दीड हजाराच्या घरात. त्यावर मी काही बोलत नाही, मला भूक लागलीय.

एडिसनकर

काकू, रेबिल्डचं माहीत नव्हतं. तुमच्यापुढे माझा सिद्धांत टिकत नाही, मागे घेतो, निदान डेन्मार्कपुरता. वकीलबुवांचं स्कोकीही मान्य.

हापूसराव, तुमच्याशी मात्र भांडणार. 'आमच्या करातून निर्धास्त झोपणार' म्हणता. माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर, श्टुटगार्टच्या फायहिंगन भागात, अमेरिकन लष्कराचं युरोप कमांडचं मुख्यालय आहे. त्याच शहरात, मोहरिंगनला, आफ्रिका कमांडचं. आफ्रिकेचं! ते काय श्वाबियातल्या आज्यांना सांभाळायला बसलेत? जागा मोक्याची आहे, अमेरिकेला हवी आहे, म्हणून बसलेत. मित्र फुकटा आहे हे पालुपद टेक्सासच्या सभेत टाळ्या घेतं, ते वांगंच आहे. हां, २०१८ चं हसू मात्र ह्यांना महागात पडलं, ते मी ऑफिसात बोलून दाखवलं तर तीन जण गप्प बसले.

आणि हे फक्त अमेरिकेचंच नाही. अमेरिकेचा तेव्हाचा संरक्षणमंत्री रम्सफेल्डने २००३ मध्ये जर्मनी-फ्रान्सला 'जुना युरोप' म्हणून हिणवलं, तर जर्मनांनी तो त्या वर्षीचा 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला. शिवी मिरवायला घेतली. आपण अमेरिका नाही, ही ह्यांच्या ओळखीची अर्धी बाजू आहे.

ह्यूस्टनचा हापूस

तळ अमेरिकेच्या सोयीचे आहेत, मान्य. म्हणून भाडं कुणी द्यायचं हा प्रश्न संपतो का? २०२५ मध्ये हेगच्या नाटो बैठकीत ह्यांनीच सही केली, २०३५ पर्यंत ५ टक्के. जे दहा वर्षं नम्रपणे सांगून झालं नाही ते उद्धटपणाने झालं. मला ते आवडतं असं नाही, पण झालं.

बाकी तुमच्या शेजाऱ्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही शिताफीने टाळलंत. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्म्याने साठ हजारांवर माणसं गेली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आम्ही स्वेटर घालून ऑफिसात बसतो. एसीला नाकं मुरडणं ही संस्कृती की हट्ट?

एडिसनकर

घेतला हो, गेल्या जुलैत घेतला. चाकांवरचा, गरम हवेची जाड नळी खिडकीतून बाहेर काढायची आणि फटीत टॉवेल कोंबायचा. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या खिडकीतून कसलं तरी अमेरिकन मशीन आवाज करतंय."

चार दिवसांनी पारा ३७ वर गेला. संध्याकाळी दारावर टकटक. आजी, हातात विणकामाची पिशवी आणि घडीची खुर्ची.