मदत हवी आहे: नवीन रीफ टँकमध्ये तपकिरी शेवाळ, रोज काढूनही परत येतंय

खारा_खडक
दोन महिन्यांपूर्वी खाऱ्या पाण्याचा, कोरलचा टँक लावलाय. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी शेवाळ पसरलंय. सकाळी कमी दिसतं, संध्याकाळपर्यंत सगळं झाकून टाकतं. रोज सायफन करतोय, दर आठवड्याला पाणी बदलतोय, फॉस्फेट रिमूव्हरपण टाकलाय. उलट वाढलंच. आता गोगलगायी मरायला लागल्यात. दुकानदार म्हणतो आणखी पाणी बदला. कुठलं औषध टाकू तेवढं सांगा, लवकर.

विजापूर_रोड
टँक किती लिटरचा? पाणी कुठलं? नायट्रेट, फॉस्फेट किती? लाइट किती तास? 'तपकिरी शेवाळ' म्हणजे डायटम (सिलिकावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ) असू शकतं, सायनो (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) असू शकतं, डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय जीव, थोडक्यात डायनो) असू शकतं. तिन्हींचा उपाय वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला खतपाणी ठरतो. फोटो टाका, निळा लाइट बंद करून.

हिरवा_कोपरा
लाइट चार तासांवर आणा, भरपूर व्हॅलिस्नेरियाचं पाणगवत लावा. तरी नाही गेलं तर चिमूटभर मोरचूद. द्राक्षबागेत चालतं तर टँकमध्ये का नाही.

विजापूर_रोड
@हिरवा_कोपरा खाऱ्या पाण्यात व्हॅलिस्नेरिया कुजेल. आणि मोरचूद म्हणजे तांबं. कोरल, कोळंबी, गोगलगाय सगळं एका रात्रीत साफ. वर ते तांबं दगडात आणि वाळूत मुरतं आणि पुढे कित्येक महिने थोडं थोडं सुटत राहतं. कुणी करू नका ओ.

टीडीएस_शून्य
पाणी बघा आधी, बाकी सगळं नंतर. सोलापुरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, ते टाकीत साठतं, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. म्हणजे दर वेळी पाणी वेगळं. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) अॅडजस्टर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो स्क्रू पूर्ण बंद करा आणि पुढे उरलेले क्षार काढणारं मिक्स्ड बेड डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा. मीटरवर 0 आलं पाहिजे. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी सुटते आणि ती मीटरवर नीट दिसत नाही, म्हणून रंग बदलणारं रेझिन घ्या आणि अर्धा रंग बदलला की टाकून द्या. तुमचं डायटमच आहे, लिहून देतो.

खारा_खडक
200 लिटर, खाली सम्प (फिल्टरची टाकी). पाणी घरच्या आरओचं. लाइट 10 तास. नायट्रेट 0, फॉस्फेट 0. म्हणजे पाणी स्वच्छच आहे ना? मग शेवाळ खातंय काय?

मायक्रोन
शून्य-शून्य, इथेच खरी गोम आहे. अजून एक सांगा: त्या शेवाळाला तार सुटते का? शेंबडासारखी, टोकाला हवेचे बुडबुडे?

खारा_खडक
हो, अगदी तसंच. दगडावरून लोंबतंय, बुडबुडे अडकलेत.

मायक्रोन
मग डायनो. डायटम धुळीसारखं बसतं, हात फिरवला की उडतं, त्याला तार नसते. सायनो चादरीसारखं एकसंध सुटून येतं, बहुतेकदा लालसर. डायनोच्या बऱ्याच जातींमध्ये विष असतं, ते खाऊन गोगलगायी मरतात. टँकमध्ये हात घालताना हातमोजे घाला.

टीडीएस_शून्य
शून्य रीडिंगवर लगेच डायनो म्हणू नका. शेवाळच सगळं शोषून घेतं, म्हणूनही किटवर 0 येतं.

मायक्रोन
केसाळ हिरव्या शेवाळाच्या बाबतीत ते खरं आहे. पण मेलेल्या गोगलगायी आणि तार एकत्र असताना डायटम धरून बसणं चूक. वाद नको, तपासून घ्या. थोडं शेवाळ टँकच्याच पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा. खाली आलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. परत गोळा होऊन तार धरली तर डायनो. पक्कं करायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठं करून बघा. शाळा-कॉलेजच्या जीवशास्त्राच्या लॅबमधला साधा चालतो. थेंबाच्या आकाराचे, एका टोकाला बांधल्यासारखे जागेवर गरगरणारे ते ऑस्ट्रिऑप्सिस. अंडाकृती, सावकाश घसरत जाणारे ते अॅम्फिडिनियम. होडीसारखे कडक कवचाचे म्हणजे डायटम, मग टीडीएसभाऊ जिंकले.

कोकण_किनारा
हे सगळं कोरड्या दगडामुळे होतं. जिवंत दगड टाका, त्यातले जिवाणू आणि कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) डायनोला जागाच देत नाहीत. मालवणला ओळख असेल तर मागवा, दोन बादल्या आल्या तरी काम होईल.

विजापूर_रोड
तत्त्व बरोबर, सल्ला चूक. खडक बनवणारं सगळं कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. किनाऱ्यावरून उचललेला कोरलचा दगडही त्यात येतो. बादलीसकट पकडलं तर दंडावर सुटका नाही. कुणाच्या जुन्या, स्थिरावलेल्या टँकमधला दगडाचा तुकडा किंवा मूठभर वाळू घ्या.

थंडा_पंखा
तापमान कुणी विचारलंच नाही. एप्रिल-मेमध्ये इथे 42-43 जातं. 200 लिटरला चिलर परवडत नसेल तर सम्पवर दोन क्लिप पंखे. आपली हवा कोरडी, त्यामुळे 2-3 अंश सहज उतरतात. पण रोज 4-5 लिटर पाणी उडतं, आणि ती भर गोड आरओ-डीआय पाण्याचीच घालायची. मिठाचं पाणी घातलंत तर क्षारता (विशिष्ट गुरुत्व) 1.025 वरून कुठल्या कुठे जाईल.

खारा_खडक
तापमान 26 आहे, एसी आहे खोलीत. तो विषय नाही. कॉलेजातून बघून आणलं: थेंबासारखे आहेत, जागेवर गरगरतात.

मायक्रोन
ऑस्ट्रिऑप्सिस. त्यातल्या त्यात नशीबवान आहात. हे रात्री पाण्यात तरंगायला निघतात, म्हणून यूव्ही दिव्याच्या फिल्टरला सापडतात. (अॅम्फिडिनियम वाळू सोडत नाही, तिथे यूव्ही फुकट.)

आजपासून: फॉस्फेट रिमूव्हर बाहेर. पाणी बदलणं बंद, कारण नव्या मिठाच्या पाण्याने हे फोफावतात. सायफन करा, पण ते पाणी 10 मायक्रोनच्या फिल्टर सॉकमधून गाळून परत टँकमध्येच सोडा. विषासाठी सम्पमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन, आठवड्याने बदलायचा. लाइट 6 तास, पांढरा चॅनल जवळपास बंद. यूव्ही 18 वॅटच्या आसपास, टँकमधून पाणी घेऊन टँकमध्येच सोडणारा. सम्पमध्ये लावलात तर निम्मे डायनो त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. पंप मंद, ताशी 200 ते 400 लिटर, रात्रभर चालू. सोबत पहिले तीन दिवस लाइट पूर्ण बंद, 6 तास त्यानंतर.

आणि नायट्रेट 5-10 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट 0.05-0.1 पर्यंत चढवा. हे शून्यावर राहिलं तर यूव्हीने मेलेले परत येतील, कारण त्यांना हरवणारं दुसरं शेवाळ आणि जिवाणू उपाशीच राहतात.

खारा_खडक
चढवू कसं? मासे दोनच आहेत, जास्त खाणं टाकू का?

विजापूर_रोड
खाण्याने मोजता येत नाही. कृषी सेवा केंद्रात 13:00:45 मिळतं, ते पोटॅशियम नायट्रेट. 20 ग्रॅम अर्धा लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. तुमच्या टँकमध्ये दगड वगळून 170 लिटर पाणी धरू, 7 मिलीने नायट्रेट सुमारे 1 पीपीएम चढेल. फॉस्फेटसाठी 00:52:34 (मोनो पोटॅशियम फॉस्फेट), 1.4 ग्रॅम एका लिटरात, 5 मिलीने 0.03 चढतं. रोज तपासून मगच पुढचा डोस. सुरुवातीला फॉस्फेट दगड गिळेल, संध्याकाळी परत 0 दिसेल, घाबरू नका. 19:19:19 चुकूनही नको, त्यात युरिया आणि अमोनियम असतं.

टीडीएस_शून्य
शेतीचं खत रीफमध्ये? एकीकडे मोरचूद नको म्हणायचं आणि दुसरीकडे सूक्ष्म अन्नद्रव्यांसकट तांबं-जस्त आत घालायचं! लॅब ग्रेडचं घ्या, 100 ग्रॅम वर्षभर पुरतं.

विजापूर_रोड
पिशवीवर सूक्ष्म अन्नद्रव्ये लिहिलेली घेऊच नका, साधी घ्या. पण लॅब ग्रेड मिळालं तर तेच बरं, त्याला विरोध नाही.

डाळिंब_मंगळवेढा
00:52:34 चा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, डाळिंबाला फुलोऱ्यात ठिबकमधून एकरी किती देता?

मायक्रोन
@डाळिंब_मंगळवेढा दादा, वेगळा धागा काढा.

@खारा_खडक आठ-दहा दिवसांत तपकिरी तार विरळ होऊन हिरवं केसाळ शेवाळ यायला लागलं की समजा जमलं. तेव्हाच नव्या गोगलगायी आणा, आता आणाल तर त्याही मरतील. आणि हिरवं दिसलं म्हणून फॉस्फेट रिमूव्हर परत लावू नका.

खारा_खडक
यूव्ही ऑनलाइन 9 वॅटचा स्वस्त मिळतोय. दोन लावले तर चालेल?

मायक्रोन
चालतील. एकामागे एक जोडा, शेजारी-शेजारी नको. आणि दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी उघडून धुता येते ना, ते बघून घ्या.