'कळवतो' म्हटलं की कळवायचं: वाळूजच्या मुलाखती आणि नकाराचा निरोप

परतूरकर:
काल एका एचआरवाल्यांनी लिहिलं, "पंधरा दिवसांत फोन आला नाही म्हणजे निवड नाही, एवढं पोरांनी समजून घ्यावं." कामून समजून घ्यावं? नांदेड जिल्ह्यातल्या किनवटचं लेकरू संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या मुलाखतीसाठी आदल्या दिवशीच नंदीग्राम एक्स्प्रेसनं निघतं. मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे दोन सेट, फोटो, आयटीआयची मार्कशीट. गेटवर तासभर उभं, आत दहा मिनिटं, आणि शेवटी "कळवतो". त्या एका शब्दावर ते तिकडच्याच शेंद्रा एमआयडीसीच्या कंपनीतलं ॲप्रेंटिसचं बोलावणं सोडून देतं. नकार कळवायला तीन ओळी पुरतात: पद कोणतं, निवड झाली नाही, पुन्हा अर्ज कधी करता येईल.

प्लांट_एचआर:
तीन ओळी लिहिणं सोपं आहे, पोचवणं अवघड. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांनाच मेल जातो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण, त्यातही आपला नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं. कंपनीच्या नावानं एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा नमुना) मंजूर करून घ्यावा लागतो. मजकूर जुळला नाही की मेसेज अडतो. वर कारण लिहिलं की पुढाऱ्यांचे फोन सुरू.

टूलरूम:
सर, तुम्ही अर्जदार आणि मुलाखतीला आलेले एकात मिसळताय. अर्ज ६०० येऊ द्या, मुलाखतीला बोलावता ६०. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी दोन तासांचे फोन. त्यासाठी डीएलटी कशाला?

जालना_रोड:
सरळ माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर.

टूलरूम:
दादा, खासगी कंपनीला तो कायदा लागू नाही. जिल्हा परिषद, महापालिकेच्या भरतीत टाका, तिथं कलम ४(१)(घ) प्रमाणे बाधित माणसाला निर्णयाची कारणं द्यावीच लागतात.

प्लांट_एचआर:
आणि मेल पाठवला तरी वाचतो कोण? अर्धे फॉर्म नेटकॅफेत भरलेले. ईमेल कॅफेवाल्याचा, मोबाइल चुलत्याचा. फोन करावा तर नंबर बंद.

सेनगाव_फॉर्म_सेंटर:
कॅफेवाल्यांवर ढकलू नका! फॉर्मला ओटीपी लागतो, पोराकडं रिचार्ज नसतो, शेवटची तारीख असते. मग आमचा मेल टाकतो. त्या मेलबॉक्समध्ये ढीगभर पोरांचे मेल; नकाराचा सोडा, बोलावण्याचाही सापडत नाही.

परतूरकर:
भाऊ, हेच चुकतं ना! पोराच्या नावाचं खातं पाच मिनिटांत निघतं. रिकव्हरी नंबर घरातल्या कायम चालू असलेल्या मोबाइलचा टाका. तुमचा टाकलात तर पासवर्ड विसरल्यावर कोड तुमच्याकडं जातो, पोरगं हिंगोलीहून तुमच्या दुकानात येतं. पासवर्ड वहीत, मार्कशीटच्या फायलीत लिहून द्या.

सेनगाव_फॉर्म_सेंटर:
फॉर्मचे पन्नास रुपये देताना घासाघीस करतात, वर खातंही काढून द्यायचं? ...बरं, रिकव्हरी नंबरचं बरोबर आहे. उद्यापासून आमचा टाकणार नाही.

टूलरूम:
मूळ मुद्द्यावर या. मुलाखतीच्या फॉर्मवरच दोन नंबर घ्या, एक घरचा. आणि ठेकेदाराच्या पे-रोलवर घेणार असाल तर नकार कंपनी कळवणार की ठेकेदार, हे त्याच दिवशी सांगा. आज दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. अशा अधांतरी पोरांनाच "निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" म्हणणारे भामटे गाठतात.

प्लांट_एचआर:
भामट्यांचा मुद्दा मान्य. मुलाखतीला आलेल्यांना आठ दिवसांत फोन, तोही मान्य. पण कारण लेखी देणार नाही. "ॲटिट्यूड बरा नाही" असं लिहिलं की भांडण.

टूलरूम:
ते लिहूच नका, मोजता येतं तेवढंच लिहा. फिटरच्या चाचणीत ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे एवढं बारीक माप दाखवणाऱ्या) व्हर्निअर कॅलिपरवर मेन स्केल बरोबर वाचलं पण व्हर्निअरची जुळणारी रेघ चुकली, तर "व्हर्निअर वाचन चुकलं" एवढंच कळवा. आयटीआयच्या सरांकडं आठ दिवस बसून ते सुधारतं. पुढच्या भरतीला तेच पोरगं तुम्हालाच कामाला येतं.

प्लांट_एचआर:
चाचणीच्या शीटवर तो शेरा असतोच. त्याचा फोटो पाठवता येईल. बाकीच्या ५४० अर्जांचं मात्र मला विचारू नका.