गवत कापायचं मशीन कुठून घ्यावं? मदत हवी आहे

मंडळी, आमच्या जुन्या लॉनमोवरने राम म्हटला. इंजिन चालू होतं, पण पातं ज्यावर बसतं तो दांडाच वाकलाय, त्यामुळे अख्खं मशीन थडथडतं. आता नवीनच घ्यायचं, पण कुठून?

ऑनलाइन निवड भरपूर. पण मशीन खोक्यात येणार, हँडल आपणच जोडायचं, फोर-स्ट्रोक इंजिनात तेलही आपणच भरायचं (ते विसरून दोरी ओढली की इंजिनाची वाट लागलीच म्हणून समजा). शिवाय पात्याला धार, एअर फिल्टर, स्पार्क प्लग ही कामं चुकत नाहीत. मोठ्या दुकानात वस्तू हाताळून बघता येते, पण कापणीची उंची कशी बदलायची हे तिथल्या पोराला धड सांगता येत नाही. माझा कल दुरुस्तीही करणाऱ्या डीलरकडे आहे, भले थोडे जास्त पैसे जावोत.

बॅटरीवालं घेतलं तर हे गणित बदलतं का? तेल-प्लगची कटकट नाही, पण त्याच मापाची बॅटरी पुढे मिळायला हवी ना!

ऑनलाइन घेतलेल्यांनी जरूर सांगा, वॉरंटीत बिघडलं तेव्हा सर्व्हिसवाला घरी आला, की मशीन परत पाठवावं लागलं? आणि जुनं मशीन एक्सचेंजमध्ये कुणी घेतं का?