नवख्या समुपदेशकाची खरी अडचण : गप्प बसणं

समुपदेशनाच्या इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात काय बोलावं ते सुचत नाही, असं म्हटलं जातं. मला मात्र वाटतं, बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त बोलतात. समोरची व्यक्ती पाच-सात सेकंद थांबली की घाबरून पुढचा प्रश्न टाकतात आणि तिच्या ओठावर आलेलं तिथेच राहतं. तिची लेखी संमती घेऊन सत्राचं रेकॉर्डिंग करा, त्यातली १० मिनिटं वहीत शब्दशः उतरवा आणि स्वतःच्या प्रत्येक वाक्यापुढे ‘प्रश्न’, ‘सल्ला’ किंवा ‘भावना ओळखली’ असा शेरा मारा. तीच वही सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर आपलं काम तपासायच्या बैठकीला न्या. ‘केस बरी चाललीय’ एवढ्यावर सुपरवायझर काय सांगणार?

सांगलीच्या ओपीडीत जत-आटपाडीकडून आलेल्या बाईबरोबर सासू किंवा नवरा आत येतो, ‘हिला जरा समजावून सांगा’ म्हणतो. आधी त्यांचं पाच मिनिटं ऐका, मग ‘प्रत्येकाशी एकट्यानं बोलायचं, असा नियम आहे’ म्हणून बाहेर बसवा. आल्या आल्या बाहेर काढलं तर दुखावतात, पुढच्या वेळी तिला आणतच नाहीत. परतीची एसटी किती वाजता, हेही सुरुवातीलाच विचारा; नाहीतर मुख्य गोष्ट निघते आणि ती उठते.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ आलं तर कसं, कधी, आणि घरात कीटकनाशक कुठे ठेवलंय तेही विचारा. तिला एकटी न सोडता लगेच सुपरवायझरला बोलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून द्या, पण नुसता नंबर देऊन पाठवू नका.