सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन नको

ताई, तुम्ही विचारलंय की वडील रोज सिगारेट ओढतात, तर फुप्फुसांसाठी अँटिऑक्सिडंट (पेशींचं नुकसान रोखणारा घटक) म्हणून त्यांना बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतल्या नारिंगी रंगद्रव्याच्या, गोळ्या द्याव्यात का. कृपया देऊ नका.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर नेमकी हीच आशा धरून चाचणी झाली होती. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा सगळे हादरले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होणं दूरच, उलट १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेत बीटा-कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्व देऊन केलेली चाचणीही १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली.

गाजर, लाल भोपळा, पालक मात्र खुशाल खाऊ द्या, जेवणातल्या बीटा-कॅरोटीनला ही भीती नाही.

आणखी एक. वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत ई जीवनसत्त्वाचा (हेही एक अँटिऑक्सिडंटच) मोठा डोस घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरात मल्टिव्हिटॅमिनची बाटली असेल तर तिच्या लेबलवरही बीटा-कॅरोटीन किती आहे ते बघा आणि डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या. सिगारेट सोडवण्याबद्दलही त्याच भेटीत विचारा, त्यासाठी निकोटिनचे च्युइंगगम आणि पॅच मिळतात.